लोकशाहीतील ‘शाही’

सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीत एका सभासदाला एकच मत असते. मग त्याचा ऊस एक एकराचा असो वा पन्नास एकरांचा. या मतांवर संचालक मंडळ निवडले जाते आणि त्या मंडळावर ज्याची वर्षानुवर्षे पकड राहते त्याला आपण ‘साखरसम्राट’ म्हणतो. १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली आणि ‘शिक्षणसम्राट’ही अवतरले. प्राचीन ब्राह्मणग्रंथांत राजसूय करणारा तो राजा आणि वाजपेय करणारा तो सम्राट, असा भेद आढळतो. वाजपेयापासून मळीच्या वासापर्यंत या शब्दाचा झालेला प्रवास पाहून फार हळहळण्याचे कारण नाही. त्या शब्दात आज उपहास आहे, आणि उपहास करणारा माणूस सहसा मुजरा करीत नाही. ज्या राजशब्दांतील उपहास किंवा मूळ अर्थही आपल्याला जाणवेनासा झाला आहे, त्यांचा विचार अधिक अगत्याचा आहे.

‘पंतप्रधान’ हाच शब्द घ्या. हिंदीत प्रधानमंत्री म्हणतात. मराठीने मात्र पेशव्यांची पदवी उचलली. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी फारसी पदनामे बाजूला सारून संस्कृत नावे आणली गेली. मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला, पेशवा मुख्य प्रधान झाला. पुढील पेशव्यांच्या शिक्क्यांत छत्रपतींचे नाव आधी आणि ‘पंतप्रधान’ म्हणून स्वतःचे नाव नंतर येत असे. १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले. त्यानंतर कारभाराची सारी सूत्रे पुण्यास गेली आणि साताऱ्याच्या गादीवरील छत्रपती जवळजवळ नजरकैदेत राहिले. तरीही नव्या पेशव्यास वस्त्रे मिळत ती साताऱ्याहूनच. धनी नामधारी आणि सेवक सर्वाधिकारी, अशी ही व्यवस्था होती. आजही आपल्या वर्तमानपत्रांत ‘मुख्यमंत्रिपदाची वस्त्रे’ कोणाला मिळणार याची चर्चा रंगते. लिहिणाऱ्याच्या मनात इतिहास नसतो हे मान्य. पण वस्त्रे देणारा धनी आता मतदार आहे, याचा त्या चर्चेत मागमूसही नसतो. ती दिल्लीहून येतात, असेच वाचकाला वाटते.

खुद्द ‘लोकशाही’ हा शब्दही निजामशाही, आदिलशाही यांच्याच घडणीचा. त्यातील ‘शाही’ फारसी ‘शाह’ची. हिंदीने ‘लोकतंत्र’ हा शब्द स्वीकारला. आपण शहाला ठेवून घेतला आणि त्याच्या जागी लोकांना बसवले. व्युत्पत्ती म्हणून याहून चांगली कल्पना शोधून सापडणार नाही! व्यवहारात मात्र हे नवे शहा तहसील कचेरीत कसे वागतात ते पाहावे. ‘मे. तहसीलदारसाहेब यांचे सेवेशी’ असा अजूनही कित्येक अर्जांचा आरंभ असतो. हा ‘मे.’ म्हणजे मेहेरबान. मागणी असते एखाद्या दाखल्याची. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम झाल्यावर अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा कायदेशीर हक्क झाला. मेहेरबानीचा प्रश्नच उरला नाही. अर्जातील ‘मे.’ मात्र जागचा हलला नाही. तो लिहिणारा लाचार असतो असे नव्हे. अर्ज असाच लिहायचा असतो, हे त्याला कोणीतरी शिकवलेले असते. ‘सरकार’चीही तीच कथा. जहागीरदाराला ज्या शब्दाने हाक मारीत तोच शब्द निवडून दिलेल्या राज्ययंत्रणेला लागला, आणि वर ‘मायबाप’ हे विशेषणही चिकटले. या बाबतीत शेतकऱ्याची भाषा अधिक रोखठोक. ‘अस्मानी-सुलतानी’ या जोडशब्दात त्याने राजाला अवर्षण आणि गारपिटीच्या पंक्तीस बसवले, आणि सुलतान गेल्यावरही ती पंगत मोडलेली नाही.

शब्दांतील या धोक्याची जाणीव सत्तेच्या जवळ असलेल्यांना नव्हती असे नाही. स्वातंत्र्यापूर्वी काँग्रेसच्या अध्यक्षाला ‘राष्ट्रपती’ म्हणत. १९३७ साली कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’त याच शीर्षकाचा एक लेख ‘चाणक्य’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. राष्ट्रपती जवाहरलाल नेहरू लोकप्रियतेच्या लाटेवर हुकूमशहा होऊ शकतात, देशाला सीझर नको आहेत, असा त्याचा आशय होता. लेखक होते स्वतः नेहरू! सीझरचा उल्लेख हिंदुस्थानला परका नव्हता. रोममधील त्या नावापासूनच कैसर आणि झार हे शब्द झाले, आणि १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीचा ‘कैसर-ए-हिंद’ हा किताब जाहीर झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये ब्रिटनच्या राजाने हिंदुस्थानचे सम्राटपद सोडले. संविधानाच्या १८ व्या अनुच्छेदाने किताब रद्द केले आणि १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखेही गेले.

दरबार तेवढा राहिला. मंत्री आता ‘जनता दरबार’ भरवतात. हातात अर्ज घेऊन माणसे सकाळपासून रांगेत उभी राहतात, मंत्रिमहोदय तेथल्या तेथे अधिकाऱ्याला दूरध्वनी लावतात, आणि दुसऱ्या दिवशी तक्रारींच्या निपटाऱ्याचे आकडे छापून येतात. त्या तक्रारी तालुक्याच्या कचेरीत मुदतीत का निकाली निघाल्या नाहीत, हे दरबारात विचारण्याची रीत नाही.