जाळीची शाल का रडवते?

स्वेटर आणि टोपरी सहज विणणारे हातही जाळीच्या शालीपुढे टेकीला येतात. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या, रशियातल्या ओरेनबुर्गच्या किंवा एस्टोनियातल्या हाप्सालूच्या शालींचे नमुने आता घरबसल्या मिळतात. हौसेने टाके घातले जातात आणि काही ओळींतच सुया पिशवीत जातात. बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो, समजुतीचा असतो.

गैरसमज १ : या शालीचे टाके फार अवघड असतात.
वस्तुस्थिती : टाके तेच, सुलट आणि उलट. दोरा सुईवरून पुढे घेतला की भोक पडते आणि एक टाका वाढतो; तो भरून काढायला दोन टाक्यांचा एक करतात. शाल रुंदावणाऱ्या ओळी सोडल्या, तर हा जमाखर्च बहुधा त्याच ओळीत जुळतो. म्हणून नमुन्याच्या प्रत्येक भागानंतर सुईवर खुणेची रिंग घालावी आणि ओळ संपली की भागागणिक टाके मोजावेत. खरोखर छळतात ते हाप्सालूच्या शालीवरचे ‘नुप्प’, म्हणजे फुगीर दाणे. एकाच टाक्यातून पाच, सात किंवा नऊ वेढे काढायचे आणि परतीच्या ओळीत ते सगळे एकत्र विणायचे. वेढे सैल नसतील तर सुई आत शिरतच नाही.

गैरसमज २ : नमुन्याचा तक्ता पुस्तकासारखा डावीकडून वाचायचा.
वस्तुस्थिती : तक्ता शालीची सुलट बाजू दाखवतो. त्यामुळे सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे आणि परतीची ओळ डावीकडून उजवीकडे वाचतात. परतीच्या ओळीत खुणांचा अर्थही उलटतो : सुलट दाखवलेला टाका उलट विणायचा.

गैरसमज ३ : एक चूक झाली की सगळे उसवायचे.
वस्तुस्थिती : राहून गेलेले भोक पुढच्या ओळीतही करता येते. दोन टाक्यांमधला आडवा धागा सुईवर उचलला की झाले. मोठ्या चुकीसाठी आधीच सोय करावी. नमुना एकदा पूर्ण झाला की सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेवावा. रिंगांतून मात्र तो ओवू नये. मग उसवण त्या दोऱ्यापाशी थांबते.

गैरसमज ४ : सुयांवर शाल चोळामोळा झालेली दिसते, म्हणजे वीण बिघडली.
वस्तुस्थिती : जाळी सुयांवर कधीच खुलत नाही. विणून झालेली शाल कोमट पाण्यात भिजवतात, पीळ न देता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढतात, ताणून टाचण्या लावतात आणि पूर्ण वाळू देतात. शेटलंडमध्ये यासाठी लाकडी चौकटी वापरत आल्या आहेत. ताणल्यावर भोके उघडतात, पाने-फुले दिसू लागतात आणि शाल बरीच मोठी होते.

गैरसमज ५ : दोरा कोणताही चालतो.
वस्तुस्थिती : ओली ताणून वाळवलेली खरी लोकर तो आकार धरून ठेवते, ॲक्रिलिक पुन्हा आक्रसते. आपल्या बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा दोरा पुष्कळदा ॲक्रिलिकच असतो. शंका आली तर छोटा तुकडा जपून जाळून पाहावा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते.

गैरसमज ६ : अंगठीतून जाते तीच शाल विणायला सर्वांत अवघड.
वस्तुस्थिती : ओरेनबुर्गची शेळीच्या मऊ लवेची आणि शेटलंडची बारीक लोकरीची मोठी शालही अंगठीतून ओढता येते. ती परीक्षा दोऱ्याच्या तलमपणाची असते. नमुना किती कठीण, हे त्यावरून कळत नाही.

पहिली शाल निवडताना एवढेच पाहा : परतीची प्रत्येक ओळ साधी असावी आणि दोरा केसासारखा बारीक नसावा. दोन्ही बाजूंनी भोके पाडणारे नमुने आणि नुप्प दुसऱ्या शालीसाठी राखून ठेवा.