दिवाणखान्यासाठी जुना संगणक निवडताना

आपल्यापैकी अनेकांच्या घरी दोन-तीन निवृत्त संगणक असतात. एक दवाखान्यातून परत आलेला, एक परगावी नोकरीला गेलेल्या मुलाने मागे ठेवलेला, एखादा पडदा तडकलेला लॅपटॉप. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला आणि या मंडळींत आणखी भर पडली. त्यांपैकी एखादा टीव्हीला जोडून दिवाणखान्यात बसवावा, असा विचार मनात येणे साहजिकच आहे. टीव्हीला लावायची स्टिक स्वस्तात मिळते, हे खरे. परंतु लग्नाच्या डीव्हीडी, कॅसेटवरून उतरवून घेतलेली मुंज, हार्ड डिस्कवर साठलेल्या गाण्याच्या मैफली यांसाठी संगणकच सोयीचा. आणि घरातील वडीलधाऱ्यांना पाहायचे असते ते नेमके हेच.

निवडताना सर्वांत वेगवान यंत्राकडे हात जातो. माझे मत निराळे आहे. चित्रफीत संकुचित स्वरूपात साठवलेली असते. ती उलगडण्याची सोय प्रोसेसरच्या चित्रविभागातच असेल, तर साधे यंत्रही शांतपणे काम करते. इंटेलच्या चौथ्या पिढीला (२०१३) एच.२६४ सहज उलगडते. परंतु ४के चित्रपटांसाठी रूढ असलेले दहा-बिट एचईव्हीसी सातव्या पिढीपासूनच (२०१६) पूर्णपणे पेलते. म्हणून ४के पाहायचे असल्यास सातव्या पिढीचा आय-३ हा चौथ्या पिढीच्या दिमाखदार आय-७ पेक्षा बरा. टीव्ही फुल एचडी असेल, तर चौथी पिढीही बहुधा पुरते. एचडीएमआय १.४ जोडणीतून ४के चित्र सेकंदाला ३० चौकटींचेच मिळते. २४ चौकटींच्या चित्रपटाला तेवढे पुष्कळ, क्रिकेटला अपुरे.

पंख्याचा आवाज आणि वीज यांचा विचार केला, तर तडकलेल्या पडद्याचा लॅपटॉपच मला सर्वांत योग्य उमेदवार वाटतो. बॅटरी फुगलेली असल्यास मात्र ती आधी काढून टाकावी.

दवाखान्यातील संगणकाची गोष्ट वेगळी. त्यात रुग्णांची नावे, अहवाल, कदाचित एखाद्याच्या एचआयव्ही तपासणीचा निकाल किंवा मानसोपचाराची टिपणे असतात, आणि दिवाणखान्यात रिमोट कुणाच्याही हाती जातो. फाइल डिलीट केल्याने किंवा झटपट फॉरमॅट केल्याने मजकूर नाहीसा होत नाही. साध्या सॉफ्टवेअरनेही तो परत मिळवता येतो. दुसरीकडे, वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आवश्यक आहे. तेव्हा सोपा मार्ग असा: जुनी डिस्क काढून कुलपात ठेवावी, नोंदींची दुसरी प्रत करावी, आणि संगणकात नवी छोटी एसएसडी बसवावी. मुदत संपल्यावर ती डिस्क भंगारवाल्याला न देता पूर्णपणे पुसून किंवा फोडून मगच टाकावी. हे करायला सवड नसेल, तर तो संगणक दिवाणखान्यात आणूच नये.

नव्या डिस्कवर लिब्रइलेक ही मोफत प्रणाली घातली, की यंत्र सुरू होताच थेट कोडी उघडते आणि विंडोजची गरज उरत नाही. सशुल्क वाहिन्यांसाठी मात्र टीव्हीतील सोयच वापरावी.