ओळखपट्टीवरील पाच ओळी

युद्धात मृत वा बेशुद्ध झालेल्या सैनिकाची ओळख पटावी म्हणून त्याच्या गळ्यात घातल्या जाणाऱ्या धातूच्या पट्टीला, म्हणजेच ‘डॉग टॅग’ला, अमेरिकी भूदलात १९०६ च्या आदेशाने अधिकृत स्थान मिळाले. अॅल्युमिनियमची ती गोल चकती प्रारंभी एकच असे; एक मृतदेहापाशी राहावी आणि दुसरी नोंदीसाठी काढून घेता यावी, यासाठी १९१६ मध्ये जोडचकती आली, तर १९१८ पासून तिच्यावर सैनिक क्रमांक, म्हणजे सैनिकाला व्यक्तिशः नेमून दिलेला अनुक्रमांक, उमटू लागला.

दुसऱ्या महायुद्धातील आयताकृती पट्टी अभ्यासकाला याहून कितीतरी बोलकी ठरते, कारण तिच्यावर घडणीची तारीख नसली तरी मजकुराची मांडणी वेळोवेळी बदलत गेली. आरंभीच्या पट्टीवर पाच ओळी असत: नाव, त्याखाली सैनिक क्रमांक व रक्तगट, मग जवळच्या आप्ताचे नाव आणि दोन ओळींत त्याचा पत्ता, कोपऱ्यातले एकच अक्षर धर्मपंथ सांगे, जसे प्रोटेस्टंटासाठी ‘पी’, कॅथलिकासाठी ‘सी’, ज्यूसाठी ‘एच’. नोव्हेंबर १९४१ पासून ‘टी’ अक्षरापुढे धनुर्वाताची लस टोचल्याचे वर्ष आले आणि जुलै १९४३ मध्ये आप्ताचे नाव व पत्ता वगळण्यात आला. पत्ता असलेली पट्टी त्यामुळे साधारणतः १९४३ च्या मध्यापूर्वी घडवलेली मानता येते. मात्र ती १९४५ च्या रणभूमीवर सापडली तर त्यात विसंगती नाही, कारण पट्टी बदलून घेण्याची सवड सर्वांनाच कुठली असणार! क्रमांकही माहिती देतो: ‘३’ ने सुरू होणारा क्रमांक सक्तीच्या भरतीचा असून त्याचा दुसरा अंक भरतीचा विभाग दाखवतो, तर ‘१’ स्वेच्छेने दाखल झालेल्याचा.

पट्टीच्या कडेची खाच मृताच्या दातांत अडकवण्यासाठी होती, ही कथा विक्रेते आवडीने सांगत असले तरी निराधार आहे. ठसे उमटवणाऱ्या यंत्रात पट्टी नीट बसावी, एवढाच तिचा हेतू. पितळ, मोनेल (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) की पोलाद, हा पुरावा मजकुरापेक्षा दुबळा होय.

जुन्या यंत्रांवर नव्या पट्ट्या आजही ठोकल्या जात असल्याने क्रमांक अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या भरती-नोंदींशी ताडून पाहणे अटळ ठरते. सेवापुस्तिकांचा आधार मात्र बहुधा मिळत नाही, कारण सेंट लुइस येथील अभिलेखकेंद्राला १९७३ मध्ये लागलेल्या आगीत १९१२ ते १९६० दरम्यान सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के सेवापुस्तिका जळून गेल्या आहेत.