शिकवणीमुळेच गुण वाढले का? रेशनकार्डाच्या रंगामागची गोष्ट



"सर, ट्यूशन लावली तर पोराचे गुण वाढतील का?" कळंबसारख्या कापूसपट्ट्यातल्या गावात हा प्रश्न साधा नाही. काही घरांत फी उसनवारीनं भरली जाते.

शिकवणीच्या मुलांना जास्त गुण दिसतात, हे खरं. पण ज्या घराला फी परवडते, तिथं पुस्तकं, अभ्यासाला जागा आणि शिकलेले आईवडील असण्याची शक्यताही जास्त. मग श्रेय नेमकं कुणाचं?

उपाय सोपा वाटतो: सारख्या परिस्थितीतल्या मुलांचीच तुलना करायची. परिस्थिती ओळखायला आपल्या हाताशी असतो रेशनकार्डाचा रंग. महाराष्ट्रात १९९९ मध्ये तिरंगी कार्डं आली. केशरी कार्ड वार्षिक १५ हजारांपेक्षा जास्त ते १ लाख रुपये उत्पन्नासाठी. म्हणजे या एकाच रंगात कोरडवाहूवाला आणि ओलितवाला, दोघंही बसू शकतात!

आता फळ्यावर एक काल्पनिक उदाहरण मांडू. केशरी कार्डाची २० मुलं. १० बऱ्या घरची, प्रत्येकी ६० गुण. १० ओढाताणीच्या घरची, प्रत्येकी ४० गुण. शिकवणीचा उपयोग शून्य धरू. बऱ्या घरची ८ आणि ओढाताणीची २ मुलं शिकवणीला जातात.

शिकवणीचा गट: (८×६० + २×४०) ÷ १० = ५६.
बाकीची मुलं: (२×६० + ८×४०) ÷ १० = ४४.

कार्डाचा रंग एकच, शिकवणीचा उपयोग शून्य, तरी फरक १२ गुणांचा! पार्श्वभूमी ढोबळ मोजली की तिचा प्रभाव अर्धवटच वजा होतो. उरलेला भाग शिकवणीच्या नावावर जमा होतो. जिल्हा परिषद शाळा आणि खासगी शाळा यांची तुलना करतानाही हेच घडू शकतं.

मग करायचं काय? एकाच खुणेवर विसंबू नका. 'असर' सर्वेक्षणात घर कच्चं की पक्कं, आईचं शिक्षण किती, अशा गोष्टीही विचारल्या गेल्या आहेत. आपण त्यात ओलिताची शेती आणि शिकवणी लागण्याआधीचे मुलाचे गुण जोडू शकतो. प्रत्येक नव्या माहितीनं फरक घटत गेला, तर समजा, उरलेल्या फरकातही परिस्थितीचा वाटा असू शकतो.

याचा अर्थ शिकवणी निरुपयोगी असा नाही. पण केवळ शेजारच्या मुलाचे गुण पाहून कुणी फीसाठी कर्ज काढत असेल, तर त्याला हा हिशेब आधी दाखवा.