जुना संगणक उघडताय? आधी बोर्डाचा नंबर बघा

आपल्या अमिरातीतल्या फ्लॅटमध्ये माळा नसतो, त्यामुळे जुन्या वस्तू कपाटावर जातात. तिथे एखाद्या घरी कमोडोर ६४ निघतो, एखाद्याकडे सख्र, म्हणजे कुवेतच्या अल-आलमिया कंपनीने १९८० च्या दशकात आणलेला अरबी अक्षरांचा एमएसएक्स संगणक. तो पुन्हा चालू करण्याची हौस बऱ्याच जणांना असते आणि केल्यावर चार ओळी लिहायचीही. जरूर लिहा. फक्त माहिती कुठून घेतली, तेही लिहा.

कमोडोर ६४ चा पडदा काळाच राहिला की "आठही मेमरी चिप्स बदला" हा सल्ला हमखास मिळतो. पण १९८२ साली आलेल्या या संगणकाच्या बोर्डाच्या पुढे कितीतरी आवृत्त्या निघाल्या. २५०४०७ किंवा २५०४२५ नंबरच्या बोर्डावर ४१६४ जातीच्या आठ चिप्स असतात, २५०४६६ वर ४१४६४ जातीच्या दोनच. लेखात बोर्डाचा नंबर नसेल, तर वाचणारा बिचारा उरलेल्या सहा शोधत बसणार!

व्होल्टेजच्या बाबतीत मात्र हसण्यावारी नेऊन चालत नाही. या संगणकाचा जुना पॉवर सप्लाय बिघडला की ५ व्होल्टच्या जागी जास्त व्होल्टेज येतं आणि मेमरी जळते. "सात व्होल्टपर्यंत चालतं हो," असं सांगणारे भेटतात. हा आकडा येतो डेटाशीटमधूनच, पण चुकीच्या ओळीतून. तिथे कमाल मर्यादा वेगळी दिलेली असते. तिच्यापलीकडे चिप कायमची खराब होऊ शकते, एवढाच तिचा अर्थ. काम करण्यासाठी ४१६४ ला ४.५ ते ५.५ व्होल्टच लागतात. म्हणून डेटाशीट कुठल्या कंपनीची, कुठलं पान, कुठला तक्ता, हे लिहिलं की वाचणारा स्वतः पडताळू शकतो.

सख्रचं आणखी निराळं. नाव एकच, पण काही मॉडेल्स यामाहाची तर काही सान्योची. "सख्रच्या मॅन्युअलमध्ये आहे" म्हटल्याने काहीच कळत नाही. मॉडेल नंबर हवाच. आणि कोणी हौसेने थेट जपानहून एमएसएक्स आणला असेल, तर तो १०० व्होल्टचा. इथल्या भिंतीतल्या प्लगला लावला तर खेळ खलास.

जुनी मॅन्युअल्स मिळत नाहीत ही सबब आता चालायची नाही. बिटसेव्हर्स आणि इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेली ढिगाने आहेत. बर दुबईतल्या दुकानदाराने सांगितलेलंही लिहा, पण त्याने सांगितलं असं म्हणून, आणि सोबत आपल्या मीटरवर किती दिसलं तेही.

बोर्डाचा नंबर बोर्डावरच छापलेला असतो. झाकण काढल्याबरोबर टिपून घ्या, नंतर धुळीच्या नादात राहून जातो.