निर्यातीचा कागद सुरू होतो रबराच्या बागेत

बेळगावातील अनगोळला लागून असलेली उद्यमबाग ही ओतकाम, यंत्रभाग आणि हायड्रॉलिक सामग्रीसाठी ओळखली जाणारी औद्योगिक वसाहत. तेथील लघुउद्योजकाला युरोपात माल पाठवायचा असेल, तर बीजक, पॅकिंग लिस्ट, मूळ देशाचा दाखला आणि जहाजाची कागदपत्रे एवढी सिद्धता आजवर पुरेशी होती. रबराचे सुटे भाग पाठवणाऱ्याला मात्र यापुढे आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागणार आहे. या रबराचा चीक कोणत्या जमिनीवरील झाडांतून निघाला?

हा प्रश्न युरोपीय महासंघाच्या जंगलतोडमुक्त उत्पादनांविषयीच्या कायद्यातून आला आहे. २०२३ च्या जूनमध्ये हा कायदा अस्तित्वात आला. त्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलण्यात आली. डिसेंबर २०२५ मधील दुरुस्तीनुसार तो मोठ्या व मध्यम कंपन्यांना ३० डिसेंबर २०२६ पासून, तर लहान व सूक्ष्म उद्योगांना सर्वसाधारणपणे ३० जून २०२७ पासून लागू होईल. गुरे, कोको, कॉफी, पाम तेल, रबर, सोयाबीन व लाकूड हे सात जिन्नस आणि त्यांपासून बनलेल्या ठरावीक वस्तू त्याच्या कक्षेत येतात. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून मोकळ्या केलेल्या जमिनीवर पिकलेला यांपैकी कोणताही माल युरोपच्या बाजारात विकता येणार नाही.

कोणता माल कक्षेत, कोणता बाहेर?

कायद्याच्या जोडपत्रात वस्तूंची यादी सीमाशुल्काच्या एचएस कोडनुसार दिली आहे. नैसर्गिक रबरापासून बनवलेले पट्टे, टायर, हातमोजे, गॅस्केट व सील त्या यादीत आहेत. कृत्रिम रबराला हा कायदा लागू नाही. हायड्रॉलिक यंत्रांत सर्रास वापरले जाणारे नायट्राइल रबराचे सील त्यामुळे सुटतात. दोन्ही रबरांचे मिश्रण असेल, तर केवळ नैसर्गिक रबराच्या हिश्श्याचा हिशेब द्यावा लागतो. सील बसवलेला संपूर्ण पंप निर्यात होत असेल, तर पंपाचा कोड यादीत नसल्याने प्रश्नच उद्भवत नाही. यंत्रभाग ज्या लाकडी खोक्यात जातात, ते खोके निव्वळ वेष्टन म्हणून वापरलेले असल्यास त्यालाही सूट आहे. लाकडी वेष्टनावरील कीडनियंत्रणाचा शिक्का हा वेगळा नियम असून तो पूर्वीप्रमाणेच पाळावा लागेल.

तेव्हा पहिले काम म्हणजे मालाचा अचूक कोड आणि त्यातील रबराचा प्रकार निश्चित करणे. अनेकांची चिंता येथेच मिटेल.

जबाबदारी कोणाची, माहिती कोणाची?

कायदेशीर जबाबदारी युरोपातील आयातदाराची आहे. महासंघाच्या संगणकीय प्रणालीत पडताळणी निवेदन दाखल करून त्याने संदर्भ क्रमांक मिळवायचा असतो. नियमभंग झाल्यास माल जप्त होऊ शकतो आणि दंडही होतो. कंपन्यांसाठी दंडाची कमाल मर्यादा युरोपातील वार्षिक उलाढालीच्या किमान ४ टक्के असावी, असे कायदा सांगतो. ही जोखीम आयातदार स्वतःच्या अंगावर घेणार नाही. तो पुरवठादाराकडे माहिती मागेल आणि ती न मिळाल्यास दुसरा पुरवठादार शोधेल.

मागितली जाणारी माहिती अशी: मालाचे वर्णन व वजन, उत्पादनाचा देश, पुरवठादाराचे नाव व पत्ता, उत्पादनाचा कालावधी आणि ज्या जमिनीवर चीक काढला त्या प्रत्येक तुकड्याचे अक्षांश-रेखांश. चार हेक्टरपर्यंतच्या तुकड्यासाठी एक बिंदू पुरतो. त्याहून मोठ्या जमिनीची संपूर्ण सीमारेषा द्यावी लागते. शिवाय ते उत्पादन त्या देशाच्या कायद्यांनुसार झाल्याचा पुरावा लागतो.

दोडामार्गचा धडा

या शेवटच्या अटीचा अर्थ समजण्यासाठी फार लांब जायला नको. बेळगावहून चंदगडमार्गे तिळारी घाट उतरला की गोव्याच्या सीमेला भिडलेला दोडामार्ग तालुका लागतो. गेल्या काही दशकांत येथे आणि शेजारच्या सावंतवाडीत खासगी जंगले तुटून रबराच्या बागा उभ्या राहिल्या. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्यातील वृक्षतोडीला मनाई केली. मार्च २०२४ मध्ये येथील २५ गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याचे निर्देश दिले.

रबराच्या झाडातून चीक मिळण्यास साधारण सात वर्षे लागतात. म्हणजेच २०२१ मध्ये जंगल तोडून लावलेली बाग नेमकी हा कायदा लागू होत असतानाच उत्पन्न देऊ लागेल आणि तिच्या मालाला युरोपचे दार बंद असेल. तोड २०२० पूर्वीची, पण बेकायदा असेल, तर कायदेशीरपणाच्या अटीवर प्रश्न उपस्थित होईल.

याउलट, जुनी काजूची बाग काढून रबर लावणाऱ्या शेतकऱ्याने जंगल तोडलेले नसते. कायद्याच्या व्याख्येत फळबाग ही शेती आहे. मात्र उपग्रहाच्या नकाशावर दाट काजूबाग जंगलासारखी दिसू शकते. अशा वेळी सातबाऱ्यावरील नमुना १२ मधील जुनी पीकनोंद हाच त्याचा आधार ठरेल. ती नोंद वेळच्या वेळी करून घेणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे.

एका लॉटमुळे सारे बाद

खरी अडचण मधल्या कडीत आहे. व्यापारी अनेक शेतकऱ्यांच्या शीट एकत्र करतो, कारखाना त्यात आयात रबर मिसळतो. निरनिराळ्या बागांचा माल एकत्र करण्यास मनाई नाही. पण सर्व बागांची नोंद असली पाहिजे. अज्ञात उगमाचा एक लॉट मिसळला, तरी संपूर्ण माल अपात्र ठरतो.

मे २०२५ मध्ये महासंघाने भारताला कमी जोखमीच्या देशांत स्थान दिले. त्यामुळे आयातदाराची प्रक्रिया सुटसुटीत झाली आणि तपासणीचे वार्षिक प्रमाण १ टक्क्यावर आले. जमिनीच्या अक्षांश-रेखांशांची अट मात्र कायम आहे. इंडोनेशिया किंवा आयव्हरी कोस्टचे रबर मिसळलेले असल्यास ही सवलत त्या हिश्श्याला मिळत नाही, कारण ते देश मध्यम जोखमीच्या गटात आहेत.

उद्यमबागेतील कारखानदाराने म्हणूनच आपल्या रबर पुरवठादाराकडून प्रत्येक लॉटचा उगम लेखी मागावा, युरोपसाठीचा कच्चा माल वेगळा ठेवावा आणि लॉट क्रमांक तयार मालाच्या बॅचशी जोडणारी नोंदवही आजच सुरू करावी. आयातदाराला ही माहिती पाच वर्षे जपावी लागते. पुरवठादारानेही तेवढाच काळ दप्तर ठेवणे शहाणपणाचे. कोट्टायम येथील रबर मंडळाने बागांचे नकाशे तयार करण्याचे काम हाती घेतले आहे. कॉफी मंडळही आपल्या बागायतदारांची नोंदणी करीत आहे.

निर्यातीच्या आदल्या दिवशी तयार करता येईल, असा हा दाखला नव्हे. बागेत पहिल्या व्यवहाराच्या वेळी जे लिहिले गेले नाही, ते बंदरावर कोणालाही लिहून देता येणार नाही.