निधीची अट आणि भाषेची निवड

सेनेगलचे कादंबरीकार उस्मान सेम्बेन फ्रेंचमध्ये लिहीत. परंतु ती भाषा वाचू न शकणाऱ्या देशबांधवांपर्यंत पोहोचण्यासाठी ते चित्रपटाकडे वळले. ‘ला न्वार द...’ (१९६६) या चित्रपटाची संहिता फ्रान्सच्या सहकार्य मंत्रालयाने अर्थसाहाय्यासाठी नाकारली. पुढे स्वतःच्याच लघुकादंबरीवर आधारलेल्या ‘मांदाबी’साठी (१९६८) त्यांना फ्रेंच शासकीय निधी मिळाला, तो फ्रेंच आवृत्तीही काढण्याच्या अटीवर. म्हणून वोलोफबरोबर फ्रेंच आवृत्तीही चित्रित झाली. पॅरिसहून आलेली मनीऑर्डर ओळखपत्राअभावी वटवू न शकणाऱ्या गृहस्थाची ही कथा. तिच्या निर्मितीतही परकीय पैसा अटींसहच आला, हे लक्षणीय होय. संहितेची भाषा अभ्यासताना लेखकाच्या भूमिकेबरोबरच निधीच्या अटीही विचारात घ्याव्या लागतात, त्या यामुळेच.